तीन चौकोनी, एक गोल

समजा, चित्रकलेच्या तासाला तुम्ही एक किल्ला काढलात. चार कोपऱ्यांवर चार बुरूज. तीन छान चौकोनी आणि चौथा एकदम गोल! बाई वही हातात घेऊन काय म्हणतील? "शेवटी शेवटी कंटाळा आला वाटतं?"

तर ऐका. इंग्लंडमध्ये रॉचेस्टर नावाच्या गावात अगदी अस्साच किल्ला खराखुरा उभा आहे. बालेकिल्ल्याचे तीन कोपरे चौकोनी, आग्नेयेचा तेवढा गोल. बांधणाऱ्यांना कंटाळा आला नव्हता बरं का. त्या गोल बुरजामागे एक चिडका राजा आहे, खूप कुदळी आहेत आणि चाळीस डुकरं आहेत. हो, डुकरं!

आधी जागा बघून घेऊ. लंडनहून डोव्हर बंदराकडे जाताना वाटेत मेडवे नावाची नदी आडवी येते. ती ओलांडायची तर पूल रॉचेस्टरला. म्हणजे ज्याच्या हातात रॉचेस्टर, त्याच्या हातात लंडनचा रस्ता. हे हेरून गंडल्फ नावाच्या बिशपने तिथे दगडी तट उभारला. पुढे 1127 साली राजा पहिला हेन्री याने हा किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपांकडे सोपवला आणि त्यांनी तटाच्या आत मोठा बालेकिल्ला बांधायला घेतला. दोघेही धर्मगुरू! प्रवचनं करता करता ही माणसं किल्लेही बांधत होती.

आणि बांधला तोही कसा! उंची सुमारे 34 मीटर, म्हणजे आपल्याकडची दहा-अकरा मजली इमारत. खालच्या भिंती साडेतीन मीटरच्या आसपास जाड. तुमच्या वर्गातले दोन जण एकामागोमाग एक आडवे झोपले तरी भिंतीच्या बाहेर कुणाचे पाय येणार नाहीत. आत शिरायचं दार जमिनीलगत नव्हतंच. बाहेरून जिना चढून, उचलता पूल ओलांडून वरच्या मजल्यावरून आत जायचं. शेकोट्या भिंतीत, शौचकूप भिंतीत, एवढंच काय, जिनेसुद्धा भिंतीच्या पोटात.

मला सगळ्यांत आवडते ती विहीर. इमारतीच्या मधोमध एक जाड आडवी भिंत आहे, तिने बालेकिल्ल्याचे दोन भाग केलेत. विहीर त्या भिंतीच्या आत! पाण्याचा उभा नळा थेट वरपर्यंत नेलाय आणि प्रत्येक मजल्यावर त्याला खिडकी ठेवलीय. वरच्या मजल्यावर तहान लागली? खिडकीतून बादली सोडा आणि ओढा. खाली उतरायची गरजच नाही. ही विहीर आणि ही भिंत लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

आता येतो चिडका राजा. त्याचं नाव जॉन. जून 1215 मध्ये त्याच्या सरदारांनी त्याला एका कराराला मोहोर लावायला भाग पाडलं. राजानेसुद्धा कायदा पाळला पाहिजे, असं सांगणारा तो करार म्हणजे मॅग्ना कार्टा. जॉनने मोहोर लावली खरी, पण पाळायचं काही त्याच्या मनात नव्हतं. झालं, लढाई जुंपली. शे-दीडशे बंडखोर लढवय्ये रॉचेस्टरच्या किल्ल्यात जाऊन बसले आणि ऑक्टोबरमध्ये जॉन फौज घेऊन दाराशी आला.

दगड फेकणारी पाच मोठी यंत्रं त्याने लावली. पण एवढ्या जाड भिंतीला दगडांनी काय होतंय! जॉनला ते ठाऊक असणार, कारण वेढ्याच्या सुरुवातीलाच त्याने कँटरबरीला हुकूम धाडला होता: रात्रंदिवस काम करून जमतील तेवढ्या कुदळी बनवा. म्हणजे वरून जमत नसेल तर खालून जायचं!

आपण याला सुरुंग म्हणतो. पण सुरुंग म्हटलं की आपल्याला दारूचा धडाका आठवतो. तेव्हा इंग्लंडमध्ये तोफाही नव्हत्या आणि बंदुकीची दारूही. मग एवढा बुरूज पाडायचा कसा? बेलदार पायाखाली बोगदा खणायचे. वरची भिंत त्यांच्याच डोक्यावर कोसळू नये म्हणून लाकडी खांबांचे टेकू देत पुढे सरकायचे. हळूहळू पायाची जागा टेकूंनी घ्यायची. मग बोगद्यात सरपण भरायचं, पेटवायचं आणि पळत सुटायचं! टेकू जळाले की बोगदा बसतो, आणि बोगदा बसला की त्याच्यावरचा बुरूजही बसतो.

पण लाकूड ओलं असलं तर? नुसताच धूर. आगीतली बरीच उष्णता लाकडातलं पाणी उकळण्यातच खर्च होते. यावर जॉनने तोड काढली. 25 नोव्हेंबरला त्याने ह्यूबर्ट डी बर्ग या आपल्या बड्या अधिकाऱ्याला लिहिलं, की चाळीस डुकरं ताबडतोब पाठव. चांगली लठ्ठ हवीत, पण खायला फारशी बरी नसलेली चालतील. (आगीत घालायला चांगलं मटण कशाला वाया घालवायचं? राजा चिडका होता, उधळ्या नव्हता.) आठशे वर्षांनंतर हे आपल्याला कळतं, कारण राजाच्या दफ्तरात कारकून बसलेले असायचे आणि ते अशा पत्रांच्या नकला चामड्याच्या लांबलचक गुंडाळ्यांवर उतरवून ठेवायचे.

आता डुकरांची चरबी करते काय? घरातलं निरांजन आठवा. कापसाची कोरडी वात पेटवली तर ती क्षणात जळून राख होते. तीच वात तुपात भिजवली की अख्खी आरती होईपर्यंत तेवते. कारण जळतं ते मुख्यतः तूप. ज्योतीच्या उष्णतेने ते पातळ होतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. चरबीचंही तसंच. एक ग्रॅम कोरड्या लाकडातून जेवढी उष्णता मिळते, तिच्या दुपटीहून जास्त एक ग्रॅम चरबीतून मिळते. म्हणजे जॉनने बुरजाखाली एक अवाढव्य निरांजनच लावलं म्हणा ना! लाकडी टेकू झाले वाती, डुकरांची चरबी झाली तूप.

आग्नेयेचा बुरूज धाडकन कोसळला.

पण आतले लोक हार मानतात का? तुम्हाला ती मधली आडवी भिंत आठवतेय ना? ते सगळे तिच्या पलीकडे सरकले आणि उरलेल्या अर्ध्या बालेकिल्ल्यातून लढत राहिले! अन्न संपलं तेव्हा त्यांनी आपले घोडे कापून खाल्ले. पाणी मात्र होतं, कारण विहीर भिंतीतच. शेवटी भुकेने त्यांना हरवलं. 30 नोव्हेंबरला, जवळजवळ सात आठवड्यांनी, त्यांनी किल्ला सोडला. जॉनला तरी त्याचा काय उपयोग झाला? वर्षभराच्या आत तो आजारी पडून वारला.

पुढे त्याच्या मुलाच्या, तिसऱ्या हेन्रीच्या काळात पडलेला कोपरा पुन्हा बांधला गेला. तोच आपला गोल बुरूज.

गोलच का, ते आपण करून बघू या. रिकाम्या काड्यापेट्या घ्या. गवंडी विटा रचतो तशी, खालच्या दोन पेट्यांच्या सांध्यावर वरची एक, अशी भिंत रचा. आता तळातली मधली पेटी हळूच ओढून काढा. वरच्या पेट्या बहुतेक जागेवरच राहतील, कारण त्यांचं ओझं डावी-उजवीकडच्या पेट्यांनी वाटून घेतलं. मग तळातली टोकाची पेटी काढा. गेलं ना टोक? पलीकडे टेकायला शेजारीच नाही! चौकोनी बुरजाचा कोपरा या टोकासारखा असतो, पुढे निघालेला आणि एकटा. गोल बुरजाला टोकच नाही. कुठेही खणा, दोन्ही बाजूंना शेजारी असतातच.

आणखी एक गोम आहे. चौकोनी बुरजाच्या टोकाशी अगदी पायथ्याला शत्रू चिकटून उभा राहिला, तर शेजारच्या तटावरच्या पहारेकऱ्याला तो दिसतच नाही. गोल भिंतीला असा आडोसा नसतो. वर फेकलेला दगडही तिच्यावर तिरका बसून घसरून जातो. आपल्या किल्ल्यांवर गोल बुरूज इतके का दिसतात, ते आता सांगायला नको.

नव्या बुरजाची परीक्षाही झाली. 1264 साली सिमॉन डी माँटफर्ट नावाच्या सरदाराने रॉचेस्टरला वेढा घातला. बाहेरचा तट त्याने घेतला, पण आठवडाभर धडका देऊनही बालेकिल्ला काही त्याच्या हाती लागला नाही.

आज त्या बालेकिल्ल्यावर छप्पर नाही आणि आत मजलेही नाहीत. तळाशी उभं राहून वर पाहिलं की थेट आभाळ दिसतं. भिंतींवर चौकोनी भोकांच्या रांगा आहेत, तुळया तिथे टेकलेल्या असायच्या. शेकोट्या अधांतरी लटकल्यासारख्या दिसतात आणि काही दारं उघडतात ती सरळ हवेत. कबुतरांची मात्र चैन आहे.

आणि बाकीचे तीन बुरूज? ते चौकोनीच राहिले. जे पडलंच नाही, ते पाडून पुन्हा कोण बांधतंय!