असईची फुटलेली आघाडी

जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या संयुक्त फौजेला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली याने हरवले. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसताहेत म्हणजे मधे उतार असणारच, हे त्याने कसे ताडले याची गोष्ट नेहमी रंगवून सांगितली जाते. त्या दिवशी हरलेली बाजू कशी उभी होती, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

शिंद्यांचे कवायती कंपू पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हाताखाली होते. सोबत बेगम समरूच्या पलटणी होत्या. त्यांच्या तोफांनी इंग्रजांकडची दीड हजारांवर माणसे मारली किंवा जायबंदी केली. पण भोसल्यांचे घोडदळ लढाईत जवळपास उतरलेच नाही. यशवंतराव होळकर तर आलेच नव्हते. वर्षभरापूर्वी हडपसरला त्यांनी शिंदे-पेशव्यांना धूळ चारली होती, ते वैर ताजे होते. आणि पेशवा? वसईच्या तहाने तो कंपनीच्या आश्रयाला गेला होता. त्याचे स्वार वेलस्लीच्या बाजूने आले होते!

म्हणजे आघाडी दोन्हीकडे होती. फरक टिकाऊपणाचा. कंपनीच्या तैनाती फौजेला लेखी करार होता, खर्चाची सोय होती आणि लढाई संपली तरी ती हलत नसे. (ज्याच्या रक्षणाला ती आली, त्याच्याच उरावर ती बसे, हा भाग वेगळा.) शिंदे-भोसल्यांना फक्त समान शत्रू होता. म्हणून भोसल्यांनी १७ डिसेंबरला देवगावला आपला तह केला, शिंद्यांनी ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला आपला. कंपनीची निजामाकडची तैनाती फौज मात्र राहिली. तिची छावणी पुढे जालन्यात होती आणि १८१७ च्या डिसेंबरात ब्रिगेडियर जनरल डव्हटन तीच घेऊन नागपूरवर गेला.

असा वेगवेगळा तह करायचा नाही, हेच पुढे दुसऱ्या महायुद्धात, १ जानेवारी १९४२ च्या जाहीरनाम्यात २६ देशांनी कबूल केले होते. त्यात हिंदुस्थानचीही सही आहे. ‘संयुक्त राष्ट्रे’ हे नाव आधी त्या युद्धकाळातल्या आघाडीचे. कायमची संघटना झाली ती १९४५ मध्ये. तिच्या सनदेच्या ४३व्या कलमानुसार सदस्यांनी सुरक्षा परिषदेच्या दिमतीला फौजा द्यायच्या होत्या. तसे करार आजवर एकदाही झाले नाहीत. त्यामुळे परिषदेकडे अधिकार आहे, फौज नाही. हंगामी आघाड्यांचे उलट : फौज असते, अधिकार मागून आणावा लागतो.

इराकने कुवेत व्यापला तेव्हा तो मिळाला. नोव्हेंबर १९९० च्या ६७८ क्रमांकाच्या ठरावाने इराकला माघारीसाठी १५ जानेवारीपर्यंत मुदत दिली. पुढची लढाई अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने केली, संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्यांनी नव्हे. २००३ मध्ये असा स्पष्ट ठराव नसतानाच अमेरिका-ब्रिटन इराकमध्ये घुसले. मग तिथल्या बंदोबस्तासाठी भारताकडे सैन्य मागितले गेले. त्या जुलैत वाजपेयी सरकारने नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश आला तर विचार करू, असे कळवले.