पितळी चरवी आणि तान्ह्याचे यकृत

पिरनवाडीच्या गल्लीत ‘कल्हईऽऽ’ अशी आरोळी उठली, की घरोघरची पातेली, तपेली, चरव्या अंगणात येत. कल्हईवाला भाता लावी, भांडे तापवी, नवसागर टाकी आणि आतून कथील फिरवी. आंबट पदार्थ कळकू नये म्हणून ही कल्हई, एवढे आम्हां सर्वांस ठाऊक. तिचा तान्ह्या मुलांच्या जिवाशी असलेला संबंध मात्र पुण्यात उलगडला.

आपल्या देशात बालकांच्या यकृताचे एक विलक्षण दुखणे होते. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचे मूल चिडचिडे होई, पोट फुगे, यकृत हाताला टणक लागे. पुढे कावीळ होऊन ते दगावे. कलकत्त्यात १८८७ मध्ये त्याची नोंद झाली, पण कारण कळेना. एकाच घरातील भावंडे पाठोपाठ जात. दोष कोणाचा? दृष्टीचा, नाही तर बिचाऱ्या आईच्या नशिबाचा!

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या घरांतील दुधाची भांडी तपासली. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. आजारी मुलांना वरचे दूध लवकर सुरू झालेले असे आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेले वा साठविलेले असे. कल्हई नसली की धातूतले तांबे दुधात उतरते. दुधातील केसीन ते धरून ठेवते. शरीरातील जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्याच्या यकृताला तो भार पेलत नाही. तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध वेळीच मिळालेली काही मुले वाचली.

हा प्रकार केवळ आपल्याच चुलीचा नव्हे. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशीच गेली. तेथेही गाईचे दूध आणि बिनकल्हईची तांब्याची भांडी! तेथील घराण्यांत आनुवंशिक कलही आढळला. पितळ वापरणाऱ्या प्रत्येक घरी हा रोग का शिरला नाही, याचा उलगडा त्यातून काहीसा होतो.

पुढे स्टेनलेस स्टील स्वयंपाकघरात आले आणि हा रोग इतका दुर्मिळ झाला, की तरुण डॉक्टरांना तो पुस्तकातच भेटतो. कल्हईवाल्याची आरोळीही विरळ झाली. आता बेळगावच्या बाजारात तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेने मांडलेली दिसतात. आत कल्हई आहे का, असे विचारणारे गिऱ्हाईक मात्र आम्हांस क्वचितच आढळले.