वर्गाने मिळून लिहिलेली कथा

शाळेतील निबंध बहुधा एकट्याने लिहिला जातो, शिक्षक तो तपासतात आणि गुण मिळाले की वही मिटते. त्यामुळे लिहिलेले वाक्य पुन्हा वाचून बदलण्याची सवय, जिच्यावाचून लेखन घडत नाही, ती मुलांना क्वचितच लागते. अनेकांनी मिळून एकच कथा रचण्याची पद्धत ही उणीव भरून काढते, आणि सामायिक संपादक, म्हणजे एकाच मजकुरावर अनेकांना एकाच वेळी लिहू देणारे संगणकीय साधन, तिच्या फार उपयोगी पडते.

पद्धत मात्र साधनाहून जुनी आहे. इटलीतील बार्बियाना या डोंगराळ वस्तीत लोरेंझो मिलानी या धर्मगुरूंनी चालवलेल्या शाळेतील आठ मुलांनी 1967 साली प्रसिद्ध झालेले एक पुस्तक मिळून लिहिले, जे पुढे ‘प्रिय बाई’ या नावाने मराठीतही आले. सुचलेला प्रत्येक विचार वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, एका विषयाच्या चिठ्ठ्या एकत्र करायच्या, पुनरुक्ती गाळायची, क्रम लावायचा आणि अनावश्यक शब्द निर्दयपणे काढायचे, अशी त्यांची रीत होती. सामायिक लेखनाविषयी शिक्षकाला जे कळायला हवे त्यातील बरेचसे या चिठ्ठ्यांतच आहे.

संगणकावर या रीतीला पहिले मोठे बळ 1995 साली वॉर्ड कनिंगहॅम यांच्या विकीने दिले; विकी म्हणजे वाचणाऱ्यालाच बदलता येणारे पान. 2008 साली आलेल्या ईथरपॅडमध्ये प्रत्येक लेखकाची अक्षरे वेगळ्या रंगात उमटतात आणि मजकूर पहिल्या अक्षरापासून कसा वाढत गेला हे मागे जाऊन पाहता येते. दोघांनी एकाच क्षणी एकाच ओळीत बदल केले, तर एकाच्या बदलाने दुसऱ्याची जागा किती सरकली याचा हिशेब साधन स्वतः करते. 1989 पासून संशोधकांनी विकसित केलेल्या या तंत्राला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. देवनागरीत येथे थोडे जपावे लागते, कारण ‘क्ष’ हे जोडाक्षर संगणकाच्या लेखी क, हलन्त चिन्ह आणि ष अशी तीन एकके असते, आणि दोघे एकाच शब्दात शिरले तर ते फुटू शकते. मुलांनी वेगवेगळ्या परिच्छेदांत काम करणे म्हणूनही सोयीचे ठरते.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, काळी नदीच्या उगमाजवळ, जंगलाने वेढलेल्या दिग्गीसारख्या गावात मोबाइलवरच्या इंटरनेटच्या भरवशावर असे काम योजणे धाडसाचे ठरेल. पण ईथरपॅड मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ संगणकीय मजकूर कोणालाही विनामूल्य वापरता व बदलता येतो. तो शाळेतील एका लॅपटॉपवर बसवला आणि एका राउटरने वर्गातील उपकरणे त्याला जोडली, की इंटरनेटशिवायही सगळी मुले एका पानावर येतात. उपकरणे कमी असली तर तिघांनी एका पडद्यापुढे बसावे. वाक्य लिहिण्याआधी त्यावर वाद घालणे हाही लेखनाचाच भाग आहे.

अशा गावात विषय शोधत फिरावे लागत नाही. जोयड्यातील कुणबी समाज ज्या कंदांसाठी ओळखला जातो, ते केव्हा लावतात, कसे खणतात आणि कसे शिजवतात हे प्रत्येक घर थोडे वेगळे सांगेल, आणि कथेला हवा असलेला तपशील त्या वेगळेपणातूनच येईल. घरात कोकणी, कारभारात कन्नड आणि शेजारच्या मुलुखात मराठी अशा प्रदेशात पात्रांनी घरच्या बोलीत बोलावे आणि निवेदन मराठीत चालावे, ही मोकळीक आवर्जून द्यावी. बोलीतला शब्द कसा लिहायचा यावर मुले भांडतील, तर त्याहून चांगला भाषेचा तास नाही.

एक नियम मात्र आधीच ठरवावा: दुसऱ्याचे वाक्य खोडणाऱ्याने कारण लिहावे. हा नियम नसेल तर धीट मुले भित्र्यांचे लेखन पुसून टाकतात आणि रंगांच्या नोंदीत ते नुसते दिसत राहते. शिक्षकाने ही नोंद गुण वाटण्यासाठी न वापरता, कोणते वाक्य कसे सुधारले हे वर्गाला दाखवण्यासाठी वापरावी, कारण कमी अक्षरे लिहिणाऱ्या मुलाने कथेला वळण देणारा एकच शब्द सुचवलेला असू शकतो.

कथा पुरी झाल्यावर ती शाळेबाहेर जाणेही शक्य आहे. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने 2015 साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर कथा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात, म्हणजे श्रेय देऊन कोणीही त्यांचे भाषांतर करू शकतो. तेथे मुलांची पूर्ण नावे न देता वर्गाचे नाव द्यावे, आणि दिग्गीच्या कंदांची मराठी कथा हल्याळच्या एखाद्या वर्गाने कन्नडात न्यावी.