जुन्या बंदुकांच्या प्रतिकृती : लेखांक ६
निळ्या पोलादाचा टिकाऊपणा

बंदुकीच्या नळीवरची काळसर निळाई हा रंगाचा हात नसतो, मुलामाही नसतो. पृष्ठभागावरच्या लोहाचेच ठरवून, आवरून ऑक्सिडीकरण केले की मॅग्नेटाइट या काळ्या ऑक्साइडचा थर तयार होतो; त्यालाच ब्लूइंग म्हणतात. तांबडा गंजही लोहाचाच ऑक्साइड, पण तो फुगतो, भुसभुशीत होतो आणि खालचे पोलाद उघडे पाडत जातो. मॅग्नेटाइट धातूला चिकटून राहतो. मात्र हा थर सच्छिद्र असतो आणि त्याची जाडी मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास असते. त्यामुळे कोरडे ब्लूइंग गंजाला फारसे अडवत नाही. छिद्रांत धरून ठेवलेले तेल ते काम करते.

१९व्या शतकातील अमेरिकन रिव्हॉल्व्हरांच्या आजच्या प्रतिकृती मुख्यत्वे इटलीत, ब्रेशियाच्या परिसरात बनतात. उबेर्ती आणि पिएत्ता ही त्यांतली परिचित नावे. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी १९६१ मध्ये सुरू झाली, त्या सुमारास या धंद्याने जोर धरला. कोल्टचे १८५१चे ‘नेव्ही’ हे त्यांतले लोकप्रिय रूप. मूळ कोल्टच्या नळीवरची निळाई कोळशाच्या भट्टीतली असे. आरशासारखे घासलेले भाग त्या भट्टीत तापवले जात, म्हणून रंगात खोली आणि झळाळी येई. प्रतिकृतींचे भाग सहसा कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या उकळत्या द्रावणात बुडवतात. तापमान १३५ ते १५० अंश सेल्सियस. स्वस्त, जलद आणि शेकडो नगांना एकसारखी अशी ही रीत आहे. तिची निळाई काळ्याकडे झुकते, आणि मुळाशेजारी प्रतिकृती ठेवली की शौकिनांची निराशा होते. काही इटालियन प्रतिकृतींवर जुन्या धर्तीची चकचकीत निळाईही मिळते. ती मोहक खरी, पण वापरात लवकर विरते. नियमित वापरायच्या शस्त्रासाठी कॉस्टिकचे काळे ब्लूइंगच अधिक शहाणपणाचे.

नळीवर किंवा चौकटीवर जांभळट झाक दिसली, तर तो निगेतला दोष समजू नये. पोलादात सिलिकॉन अधिक असले किंवा द्रावणाचे तापमान चुकले की असा रंग येतो. ओतीव भागांवर तो विशेष दिसतो. तेल लावून तो जात नाही आणि त्याने बिघडतही काही नाही.

झीज आधी कडांवर दिसते. नळीचे तोंड आणि सिलिंडरच्या कडा होल्स्टरमध्ये घासून पांढऱ्या पडतात. ही झीज वापराची आहे, ती थांबवता येत नाही. थांबवता येतो तो गंज, आणि त्याचे मोठे कारण काळी दारू. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे हे मिश्रण पेटल्यावर निम्म्याहून अधिक वजन घनरूपात मागे उरते. त्यात पोटॅशियम कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असतात. कार्बोनेट हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि एका दमट रात्रीत सिलिंडरच्या तोंडावर तांबूस ठिपके उमटतात. काही पर्यायी दारूंमध्ये पोटॅशियम परक्लोरेट असते. त्यांच्या राखेत क्लोराइड उरते आणि ते याहूनही वाईट.

हे क्षार पाण्यात विरघळतात, खनिज तेलात नाही. तेलाने पुसत राहिल्यास डांबरासारखा चिकट थर साचतो आणि त्याखाली गंज चालूच राहतो. म्हणून सिलिंडरचे कोठे रिकामे आहेत आणि निपलांवर केप नाही याची खात्री करून रिव्हॉल्व्हर सुटे करावे, लाकडी मूठ काढून ठेवावी आणि पोलादी भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत. कढत पाण्याने भाग लवकर सुकतात, पण नळीच्या आत क्षणात बारीक गंज धरू शकतो. धुतल्यावर लगेच कोरडे करून पातळ तेलाचा हात फिरवावा. बिडाच्या तव्याची निगा ज्यांनी राखली आहे त्यांना हा क्रम सांगावा लागत नाही. निपलांच्या आट्यांना आणि सिलिंडरच्या आसाला थोडे ग्रीस लावावे.

बोटांच्या घामात मीठ असते, म्हणून हाताळणीनंतर तेलाचे फडके फिरवणे पुरते. चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र साठवू नये. चामडे ओलावा धरते आणि कमावण्यातली आम्ले व क्षार त्यात उरलेले असतात. स्पंजाच्या अस्तराची पेटीही तितकीच घातक. फक्त मांडून ठेवायच्या प्रतिकृतीला सूक्ष्मस्फटिकी मेण तेलापेक्षा सोयीचे. संग्रहालयांत वापरले जाणारे ‘रेनेसान्स वॅक्स’ ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५०च्या दशकात तयार झाले ते अशाच कामांसाठी.

गंजाचा ठिपका आलाच, तर त्यावर तेल मुरू द्यावे आणि अतिबारीक स्टीलवुलने हलके घासावे. व्हिनेगर, लिंबू किंवा फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजनाशक मात्र टाळावे. ती गंज आणि ब्लूइंग यांच्यात फरक करत नाहीत. दोन्ही लोहाचे ऑक्साइड आहेत, दोन्ही विरघळतात. बाटलीतले ‘कोल्ड ब्लू’ ही वेगळीच वस्तू. त्यातली सेलेनियम आणि तांब्याची संयुगे पोलादावर काळा पातळ थर बसवतात. ओरखडा झाकायला ते ठीक, पण हा थर लवकर निघतो आणि गंजापासून जवळपास काहीच राखत नाही. रसायन विषारी असल्याने हातमोजे हवेत.

संपूर्ण ब्लूइंग पुन्हा करून घेणे हा शेवटचा उपाय. त्यासाठी आधी पृष्ठभाग घासून गुळगुळीत करावा लागतो आणि अननुभवी हातांत कडा गोल होतात, अक्षरे पुसट होतात. ‘नेव्ही’च्या सिलिंडरवर टेक्सास आणि मेक्सिकोच्या नौदलांच्या १६ मे १८४३च्या लढाईचे चित्र असते. प्रतिकृतींवर ते उथळच उठवलेले असल्याने पॉलिशच्या चाकाखाली चटकन नाहीसे होते. अशा वेळी झिजलेले ब्लूइंग तसेच ठेवून तेल लावत राहणेच बरे.