गवत कापायचं, पण उशिरा

इंग्लंड आणि वेल्समधली रानफुलांची ९७ टक्के कुरणं १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत नाहीशी झाली. उरलेल्यांपैकी काही तुकडे चर्चच्या आवारांत सापडतात. कबरींची जमीन कोणी नांगरत नाही, तिथे खतही घालत नाही. २०२१ पासून दर जूनमध्ये 'चर्चेस काउंट ऑन नेचर' ही मोहीम चालते. तिच्यासाठी इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या एका खेड्यातल्या चर्चच्या आवारात झाडं-प्राण्यांच्या नोंदी करायला गेले होते.

सगळ्यात जास्त वेळ कबरींच्या दगडांपाशी गेला. ब्रिटनमधल्या लायकेनच्या सुमारे २,००० जातींपैकी ७०० हून अधिक चर्चच्या आवारांत नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच. इथलं मात्र बहुतेक दगडाला इतकं घट्ट चिकटलेलं, की भिंग घेऊन अगदी जवळून पाहावं लागतं. चुनखडीवर नारिंगी आणि पांढरी वर्तुळं. शेजारच्या वालुकाश्मावर करड्या, वेगळ्याच जाती. काही जाती वर्षाला जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतात. दगडावर साल कोरलेलं असतं, त्यामुळे वर्तुळ जास्तीत जास्त किती जुनं असेल तेही कळतं. एक दगड कुणीतरी, मायेनंच, तारेच्या ब्रशनं घासून लख्ख केला होता. कित्येक दशकांची वाढ गेली, याचं मला फार वाईट वाटलं.

भिंतीकडेच्या उन्हात ठेवलेला पत्रा उचलला, तर खाली तांबूस, चकचकीत स्लो-वर्म. दिसतो सापासारखा, पण आहे बिनपायांचा सरडा, पापण्या मिटतो.

खरं काम गवताचं. फुलांचं बी पडेपर्यंत थांबायचं, जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये कापायचं, दोन-चार दिवस वाळू द्यायचं आणि मग दाताळ्यानं ओढून सगळं बाहेर न्यायचं. हे ओढणं कष्टाचं, म्हणून नेमकं तेच टाळलं जातं. गवत तिथेच कुजलं की माती सकस होते, आणि राठ गवत नाजूक फुलांना दाबून टाकतं. त्यावर यलो रॅटलचा उपयोग होतो. ही वनस्पती गवताच्या मुळांतून रस शोषते आणि त्याचा जोर कमी करते. तिचं बी शरदातच पेरावं लागतं, कारण हिवाळ्याची थंडी लागल्याशिवाय ते रुजत नाही.

वाढलेलं गवत पाहून कबरीवर येणाऱ्यांना आपल्या माणसाची हेळसांड झाली असं वाटतं, आणि ते समजण्यासारखं आहे. म्हणून वाटा आणि कडा नीट कापलेल्या ठेवायच्या, नव्या कबरींभोवती गवत आखूडच ठेवायचं, असं ठरलं. जुना उत्तरेकडचा भाग ऑगस्टपर्यंत तसाच राहू द्यायला चर्चच्या समितीनं होकार दिला आहे.