शिशाचा शिपाई पांढरा का पडतो?

तुमच्या घरी नवीन बाथरूम झालं असेल तर एक वास तुम्हाला नक्की आठवेल. बेसिनच्या कडेने सिलिकॉन भरतात, त्यानंतर दोन-तीन दिवस येणारा तो आंबट, नाकात जाणारा वास. व्हिनेगरसारखा. सारखा कसला, ते व्हिनेगरमधलंच ॲसिटिक आम्ल असतं. हा वास लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीतला गुन्हेगार तोच आहे.

माझी पीएच.डी. शिशाच्या गंजावर आहे. बंद कपाटातल्या हवेत शिसं कसं खराब होतं, हे मी इंग्लंडमधल्या एका लॅबमध्ये बसून मोजते. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न मला दर सुट्टीत घरी विचारला जातो. दोन वर्षांपूर्वी त्याचं उत्तर माझ्या शेजारच्या आजोबांनी एका लाकडी पेटीतून आणून दिलं.

पेटीत होते शिपाई. अडीच-अडीच सेंटिमीटरचे, धातूचे, हाताने रंगवलेले. टेबलावर रणांगण मांडायचं, फूटपट्टीने चाल मोजायची, फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं, असा हा खेळ. याचं मूळ प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास आलेल्या युद्धपटात आहे. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहून तो घराघरांत नेला, आणि १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये त्याची चांगलीच लाट आली. आजोबांचे शिपाई त्या लाटेतले. एका बाजूला नेपोलियनची फौज, दुसऱ्या बाजूला वेलिंग्टनची. (हो, तोच वेलिंग्टन, जो १८०३ मध्ये आपल्या असईला शिंद्यांच्या फौजेशी लढला होता.) आजोबा अंगरखे आणि घोडे रंगवायचे, चेहरे त्यांचा भाऊ रंगवायचा. भाऊ आता नाही. पेटी वीस वर्षं माळ्यावर होती. उघडली तर बरेच शिपाई पिठात घोळल्यासारखे पांढरे झालेले.

‘तू शिशावरच काम करतेस ना? बघ काही होतं का,’ आजोबा म्हणाले.

मी बघितलं. आणि पहिल्याच दिवशी चूक केली. ती पुढे सांगते. आधी पांढरं म्हणजे काय ते समजून घेऊ.

हा ‘कथलाचा रोग’ नाही

जुने शिपाई जमवणाऱ्यांमध्ये एक समज पक्का आहे: धातूला ‘रोग’ होतो आणि तो एका शिपायाकडून दुसऱ्याला लागतो. काही जण त्याला कथलाचा रोग म्हणतात. तो रोग खरा आहे, पण वेगळा. शुद्ध कथील १३ अंश सेल्सिअसच्या खाली हळूहळू दुसऱ्या, ठिसूळ रूपात बदलू शकतं. मात्र ते वेगाने व्हायला उणे ३० च्या आसपासची थंडी लागते, आणि कथलात थोडं शिसं किंवा अँटिमनी असेल तर ते जवळपास होतच नाही. जुने शिपाई शिसं, कथील आणि थोडं अँटिमनी यांच्या मिश्रणाचे. म्हणजे इंग्लंडच्या माळ्यावर त्यांना तो रोग होण्याचा प्रश्नच नाही.

त्यांना झालेलं असतं ते शिशाचं कार्बोनेट. आपल्याकडे रंगाच्या दुकानात पूर्वी सफेदा मिळायचा, तोच हा पदार्थ. आणि सफेदा बनवायची जुनी रीत ऐकलीत तर सगळं कोडं सुटेल. मडक्यात थोडं व्हिनेगर, त्यावर शिशाचे पत्रे, आणि ही मडकी घोड्याच्या लिदीत पुरून ठेवायची. लिदीतून ऊब आणि कार्बन डायऑक्साइड मिळायचा, व्हिनेगरमधून आम्लाची वाफ. काही आठवड्यांनी उघडलं की पत्र्यांचा पांढरा चुरा.

आजोबांनी नकळत घरात सफेद्याचा कारखाना काढला होता. व्हिनेगर कुठून आलं? पेटीतून. पेटी ओकच्या लाकडाची होती. लाकडाच्या तंतूंमध्ये ॲसिटिक आम्लाचे गट बांधलेले असतात. ते वर्षानुवर्षं सुटत राहतात आणि हवेत येतात. सगळीच लाकडं थोडंफार आम्ल सोडतात, ओक त्यात बदनाम. उघड्या फळीवर ते वाऱ्याबरोबर निघून जातं. घट्ट झाकणाच्या पेटीत ते साठतं.

थोडंसं आम्ल एवढं नुकसान कसं करतं?

मला या विषयात ओढणारा प्रश्न हाच होता. पेटीतलं आम्ल मोजलं तर अगदी नगण्य असतं. मग पन्नास ग्रॅम धातू कसा खाल्ला जातो?

कारण आम्ल संपतच नाही. आधी आम्ल, दमट हवा आणि प्राणवायू मिळून शिशाचं ॲसिटेट बनवतात. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड येतो आणि त्या ॲसिटेटचं कार्बोनेट करतो. हे होताना ॲसिटिक आम्ल परत मोकळं होतं आणि शेजारच्या ताज्या शिशाकडे वळतं. दलालासारखं: स्वतःचं काही खर्च न करता एकाचा माल दुसऱ्याला देत फिरतं.

दुसरी गोष्ट आकारमानाची. तेवढ्याच शिशाचं कार्बोनेट झालं की ते साधारण दुप्पट जागा घेतं. रंगाच्या थराखाली हे घडलं की रंग आतून फुगतो, तडकतो आणि पापुद्रा होऊन पडतो. म्हणूनच रंगवलेला शिपाई कधी कधी अचानक ‘फुटल्यासारखा’ दिसतो.

तिसरी गोष्ट कथलाची. आजीने पितळेच्या पातेल्याला कल्हई का लावून घेतली, हे तुम्हाला माहीत आहे. कल्हई गेलेल्या भांड्यात आमटी ठेवली की कळकते. आंबट पदार्थ आणि धातू यांच्यामध्ये कथील उभं राहतं. मिश्रधातूतही तसंच: कथलाचं प्रमाण वाढलं की ॲसिटिक आम्लापुढे शिसं जास्त टिकतं. त्यामुळे एकाच पेटीत एक शिपाई पांढरा भुगा आणि त्याला चिकटून उभा असलेला दुसरा ठणठणीत, असं दिसतं. संसर्गाचा काही संबंध नाही. दोघांचा धातू वेगळा, एवढंच. १९९० च्या दशकापासून अनेक कंपन्यांनी शिसं सोडून मुख्यतः कथलाचा मिश्रधातू वापरायला सुरुवात केली. ते शिपाई या त्रासातून जवळपास सुटले.

हे फक्त खेळण्यांचं दुखणं नाही. जर्मनीत ल्यूबेक शहरातल्या सेंट याकोबी चर्चमध्ये एक जुना ऑर्गन आहे. त्याच्या शिशाच्या नळ्या अशाच खराब होत होत्या, आणि आम्ल येत होतं त्याच वाद्याच्या ओकच्या भागांमधून. त्यावर युरोपात मोठा संशोधन प्रकल्प झाला. माझं काम त्याच वाटेने पुढे जातं.

माझी चूक

आता त्या पहिल्या दिवसाकडे. मी काय केलं? स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, जुना टूथब्रश घेतला आणि एका शिपायाची पांढरी पूड घासून काढली. पूड गेली. आणि तिच्याबरोबर नाक, मिशी आणि भावाने रंगवलेले डोळेही गेले.

यात दोन चुका आहेत. दोन्ही तुम्ही करू नका.

पहिली: ती पूड शिपायावर *बसलेली* धूळ नव्हती. ती शिपायाचाच धातू होता, रूप बदललेला. चेहऱ्याचा उंचवटा आता त्या पुडीतच होता. मी साफ केलं नाही, चेहरा पुसून टाकला. संग्रहालयात अशा वस्तूला सौम्य वीजप्रवाह देऊन कार्बोनेटचं पुन्हा शिसं करतात. पण त्यासाठी पूड जागेवर असावी लागते. आणि रंगवलेल्या शिपायाचा रंग त्यात टिकणं कठीण.

दुसरी चूक जास्त गंभीर. शिशाची कोरडी पूड श्वासातून आणि हाताला लागून पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, आणि मुलांसाठी ‘एवढं चालेल’ अशी कोणतीही सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. आजोबांची दोन वर्षांची नात रविवारी माझ्याकडे बिस्किटं खायला यायची, त्याच टेबलावर. त्या संध्याकाळी मी सगळं स्वयंपाकघर ओल्या फडक्याने तीनदा पुसलं. लॅबमध्ये मी हातमोज्यांशिवाय शिशाला हात लावत नाही, आणि घरी टूथब्रश घेऊन बसले होते!

तुमच्याकडे असे शिपाई असतील तर

१. आधी पेटी बदला, मग बाकीचं. उपचाराचा नव्वद टक्के भाग हाच आहे. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठ्याचे खोके नकोत. काचेची बरणी किंवा पॉलिप्रॉपिलीनचा डबा चालतो. आत सिलिका जेलची पुडी ठेवा म्हणजे दमटपणा कमी राहील, आणि थोडा सक्रिय कोळसा ठेवा, तो आम्लाची वाफ शोषून घेतो.

२. कोरडं घासू नका, फुंकू नका. हातमोजे, एन-९५ मास्क, आणि जेवणाच्या जागेपासून लांब. सुटी पूड ओलसर कापसाने टिपून घ्या. तो कापूस पिशवीत बंद करून धोकादायक कचऱ्यात द्या, सिंकमध्ये काही ओतू नका. झाल्यावर साबणाने हात धुवा.

३. व्हिनेगरमध्ये बुडवू नका. हा सल्ला हौशी मंडळींत सर्रास फिरतो. पूड विरघळते, शिपाई चकाचक दिसतो, म्हणून लोकांना पटतो. पण विरघळून तयार होतं ते शिशाचं ॲसिटेट, विषारी. आणि खाचाखोचांत उरलेलं आम्ल पुन्हा तेच चक्र सुरू करतं. चोराच्या हाती किल्ली देण्यासारखं आहे हे.

४. जुना रंग टिकून असेल तर राहू द्या. सगळा रंग उतरवून नव्याने रंगवायचा मोह होतो. पण एकदा उतरवलेला हात परत येत नाही. पापुद्रा सुटलेल्या जागी तेवढाच अस्तराचा पातळ थर द्या, मग जुन्या छटेशी जुळवत पातळ रंगाचे दोन-तीन हात. जाड एक हात दिलात तर बटणं, पट्टे सगळं बुजून जातं. तुटलेली संगीन जोडायची असेल तर बारीक ड्रिलने भोक पाडून तार बसवा आणि दोन ट्यूबवाल्या इपॉक्सीने चिकटवा. भोक पाडताना पडणारा कीसही शिशाचाच असतो, तोही ओल्या कापसाने उचला.

५. पायाखाली बघा. गंज बहुतेक वेळा तिथून सुरू होतो, कारण खालची बाजू कोणी रंगवत नाही. तिलाही रंगाचा किंवा वॉर्निशचा हात द्या. वॉर्निश म्हणजे कवच नव्हे, वाफ हळूहळू आत जातेच, पण वेग कमी होतो. आणि शिपायाला एमडीएफच्या चकतीवर पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदाने चिकटवून लगेच डब्यात बंद करू नका. हा गोंद पॉलिव्हिनिल ॲसिटेटचा असतो, तोही आम्ल सोडतो.

डबा चांगला की वाईट, कसं कळणार?

यासाठी ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये एक सोपी चाचणी सुचवली, आणि जगभरची संग्रहालयं आजही ती वापरतात. काचेच्या नळीत तपासायचा पदार्थ, थोडं पाणी आणि शिसं, चांदी, तांबं यांचे छोटे पत्रे ठेवायचे. नळी बंद करून ६० अंशांवर २८ दिवस. शिसं पांढरं पडलं तर पदार्थ आम्ल सोडतो. चांदी काळी पडली तर गंधक आहे.

याचा ढोबळ घरगुती अवतार तुम्हीही करू शकता. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी घ्या, ओला पॉलिश पेपर मारून चकचकीत करा (हातमोजे!). एका बरणीत गोळी, पेटीच्या लाकडाचा तुकडा आणि ओल्या कापसाचा बोळा. दुसऱ्या बरणीत फक्त गोळी आणि बोळा. दोन्ही बंद करून उबदार जागी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा आणि दोन महिने विसरून जा. दुसरी बरणी का? कारण तिच्याशिवाय पांढरेपणा लाकडामुळे आला की नुसत्या दमटपणामुळे, हे सांगता येणार नाही. माझ्या अख्ख्या पीएच.डी.चं सार त्या दुसऱ्या बरणीत आहे.

आजोबांच्या पेटीच्या लाकडाची चिपटी मी लॅबमध्ये तपासली. शिशाचा पत्रा २८ दिवसांत दुधासारखा झाला.

मी तो पत्रा त्यांना दाखवला आणि टूथब्रशची गोष्टही सांगितली. ते बराच वेळ त्या बिनचेहऱ्याच्या शिपायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘पेटीसुद्धा त्यानेच बनवली होती.’ भावाने.

आता शिपाई प्लास्टिकच्या डब्यात आहेत. डबा दिसायला अगदीच भिकार आहे, पण दोन वर्षांत एकही नवा पांढरा ठिपका नाही. रिकामी पेटी त्यांनी फेकली नाही. तिच्यात आता फासे, फूटपट्टी आणि खेळाच्या नियमांची वही असते. चेहरा गेलेल्या शिपायाला मी नवीन चेहरा रंगवून देऊ का, असं विचारलं होतं. ते नको म्हणाले. तो तसाच, पहिल्या रांगेत उभा असतो.