मॅग्नेशियमला शेजारी बघूनच ठेवावं लागतं

बीएमडब्ल्यूने २००४ साली एन-५२ हे सहा सिलिंडरचं इंजिन आणलं. बाहेरून मॅग्नेशियम, आत अ‍ॅल्युमिनियमचा गाभा. कूलंट फिरतं ते फक्त गाभ्यातून. मॅग्नेशियमला ते शिवूही दिलेलं नाही. मॅग्नेशियममध्ये आवळलेले बोल्टसुद्धा पोलादी नाहीत, अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, आणि एकदा सोडले की ते टाकून नवेच लावायचे. एवढं सोवळं कशासाठी, तर वजनासाठी. मॅग्नेशियमची घनता दर घन सेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची २.७ आणि पोलादाची ७.८ च्या घरात.

मॅग्नेशियमच्या पत्र्यात साधा पोलादी बोल्ट आवळून तो मिठाच्या पाण्यात बुडवला, की पोलादावर हायड्रोजनचे बुडबुडे धरू लागतात. बोल्टच्या कडेने पांढरा लगदा साचतो आणि त्याखाली पत्रा खोल खचत जातो. बोल्टला काही होत नाही. त्याच्यापासून दूर असलेला पत्राही त्या मानाने धड राहतो. इलेक्ट्रॉन सोडायला मॅग्नेशियम उतावीळ असतं, ते घेऊन पाणी फोडायला लोखंडाचा पृष्ठभाग सोयीचा, आणि दोघांमधला मार्ग खारं पाणी पूर्ण करतं.

हे लोखंड धातूच्या पोटातही दडलेलं असू शकतं. डाऊ केमिकलच्या हॅनावॉल्ट, नेल्सन आणि पेलूबे यांनी १९४२ साली दाखवून दिलं, की शुद्ध मॅग्नेशियममध्ये लोखंड सुमारे ०.०१७ टक्क्यांच्या वर गेलं की झीज एकदम भडकते. निकेल आणि तांबंही तसेच घातक. म्हणून वितळलेल्या धातूत मँगनीज घालतात. त्याच्याशी जोडलं गेलेलं बरंचसं लोखंड तळाशी बसतं, आणि जे उरतं त्याचाही उपद्रव कमी होतो. एझेड-९१-डी या मिश्रधातूत लोखंडाला ०.००५ टक्क्यांची मर्यादा आहे. मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत हा मिश्रधातू अ‍ॅल्युमिनियमच्या नेहमीच्या ओतीव मिश्रधातूंनाही हार जात नाही. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात मोठी मजल हीच, आणि त्यात लेपाचा थेंबही नाही.

लेप लागतात, अर्थातच. पूर्वी क्रोमेटचा वापर सर्रास होता, पण सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने त्याला पर्याय शोधावे लागले. हल्ली द्रावणात बुडवलेल्या भागाला काहीशे व्होल्टचा दाब देतात. पृष्ठभागावर बारीक ठिणग्या नाचतात आणि सिरॅमिकसारखा कठीण थर तयार होतो. तोही सच्छिद्र, म्हणून वर सीलर हवाच.

रंगाचा डबा एकच असेल, तर तो पोलादाला लावावा. ऐकायला उफराटं वाटतं. पण फक्त मॅग्नेशियम रंगवलं आणि त्यावर एक ओरखडा पडला, तर उघड्या पोलादाचा सगळा मारा त्या एवढ्याशा जागेवर येतो आणि तिथे भोक पडतं. पोलादच झाकलं, तर मारा करायला पृष्ठभागच उरत नाही.

गीझरवाल्यांनी मॅग्नेशियमची हीच झिजायची खोड कामाला लावली आहे. पोलादी टाकीत मॅग्नेशियमची कांडी सोडतात, कांडी विरघळते आणि टाकी टिकते. सर्व्हिसिंगला आलेला मेकॅनिक कांडी बाहेर काढतो, तेव्हा कधीकधी मधली बारीक पोलादी तार तेवढी हाती लागते. तोवर उशीर झालेला असतो.